शार्कचा मंगळवार

नागपुरात समुद्र नाही हे पोराला पहिलीतच समजतं. सरांना ते निवृत्त झाल्यावरही पटलं नव्हतं.

कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या पलीकडे, जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या त्यांनी धरून ठेवल्या होत्या. आतल्या खोलीत काचेच्या तीन टाक्या आणि प्रत्येक टाकीत एक शार्क. शार्क म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरायचे. मागे सरण्यासारखं तिथे काही नव्हतं. हातभर लांबीचे मासे, मातकट रंगाचे, अंगावर पट्टे, दिवसभर तळाला पोट टेकून पडलेले. कोकणात अशा माशांना मुशी म्हणतात असं सर सांगायचे, म्हणून मी त्यांना बाईमाणूसच धरलं.

मी तिथे नऊ वर्षं काम केलं. टाक्या पुसणं, पाणी बदलणं, पोत्यातलं समुद्राचं मीठ मापून घालणं, खाणं तयार करणं. माझं शिक्षण चौथी. सरांचं किती झालं होतं ते त्यांच्या दारावरच्या पाटीवर मावलं नव्हतं. शेवटची अक्षरं चौकटीवर लिहिली होती.

कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"पोहता येते?"

"येते. मौद्याकडची आहो मी. कन्हानात पोहली."

"मी खाप्याचा," सर म्हणाले. "म्हणजे आमच्या गावावरून वाहत आलेलं पाणी तुमी पेत होत्या."

"त्यात तुमी धुतलेलं समदंच आलं असंन," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. त्यांनी ते खरंच असेल का याचा विचार केला. मग दुसरा प्रश्न. "शार्कले भेता?"

"चावते का?"

"नाही."

"मंग काहून भेऊ?"

लागले कामाला. ते मला मावशी म्हणायला लागले. मी म्हटलं, "सर, तुमी माह्याहून सहा वर्षांनी मोठे. मी तुमची मावशी कशी होईन?" तेव्हापासून बाई म्हणू लागले. माझं नाव त्यांना नऊ वर्षांत आठवलं नाही. आठवण या विषयावर ते जगभर भाषणं देऊन आले होते.

त्यांनी माशांना नावं ठेवली नव्हती, एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. ते मला बरं दिसेना. मी दोघींना मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ केलं आणि तिसरीला नणंद. नणंद म्हणजे अन्नात निवडानिवड करणारी, कोपऱ्यात फुगून बसणारी, आणि आपण पाहायला गेलो की नेमकी पाठ फिरवणारी. सर काही दिवस आकडे बोलत राहिले. मग एकदा त्यांच्या वहीत मला "नणंद, सकाळी सुस्त" असं लिहिलेलं दिसलं.

या नणंदेच्याच डोक्यात त्यांनी तार बसवली. केसाएवढी. पाण्यात गुंगीचं औषध घालून, ओल्या फडक्यावर ठेवून, तोंडात पाण्याची नळी सोडून. मी नळी धरून उभी होते. आधी त्यांनी मला शार्कचा मेंदू कागदावर काढून दाखवला होता. पोरं कैऱ्या पाडायला गलोल घेतात ना, तसा. मागे दांडी आणि पुढे दोन फाटे, फाट्यांच्या टोकाला वासाच्या गाठी.

"याच्यात आठवण कुठं राहते?" मी विचारलं.

"तेच तं पाहून राहिलो," सर म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

तार एका डबीला, डबी कॉम्प्युटरला. पडद्यावर रेघा चालायच्या. नणंद निवांत असली की रेघा निवांत. तिच्या मनात काही आलं की रेघांना चहासारखी उकळी फुटायची. मी म्हटलं, "अशी तार मले तीस वर्षांआधी भेटली असती तं माह्या खऱ्या नणंदेच्या डोक्यात काय चालते ते समजलं असतं."

"कागद पुरला नसता," सर म्हणाले.

टाकीच्या एका टोकाला ते दोन पांढऱ्या फळ्या सोडायचे. एकीवर गोल, एकीवर त्रिकोण. गोलाला नाक लावलं की खायला मिळणार, त्रिकोणाला लावलं तर काही नाही. नणंद पंधरवड्यात शिकली. मी घरी सुनेला सांगितलं की तुझ्या लेकाला गोल आणि त्रिकोण समजायला याहून जास्त दिवस लागले. सून आठ दिवस बोलली नाही. खरं ते खरं.

सरांचा प्रश्न साधा होता. शिकलेली गोष्ट हिच्या डोक्यात आहे, हे ती काही करायच्या आधी, नुसत्या रेघांवरून ओळखता येतं का. तेवढ्यासाठी ते माणूस राहिले नव्हते. जेवायचं विसरायचे, किंवा डबा दोनदा खायचे. मे महिन्यात शहर भट्टीसारखं तापायचं, पण टाक्यांच्या खोलीत माशांसाठी थंड हवा. तिथे सर मफलर गुंडाळून बसायचे आणि बाहेर पडले की मफलर काढायचं विसरायचे. दुपारी दोनला, उन्हात, मफलर गुंडाळून बर्डीच्या बाजाराकडे पायी निघालेला माणूस दिसला की लोक समजायचे, शार्कवाले सर.

आणि त्यांची खोड म्हणजे, माशांवर भागलं नाही की माणसांवर प्रयोग. फाटकावर एक चौकीदार होता, माझ्याच वयाचा. त्याने चुकून डाव्या हाताने सलाम केला की सर त्याला पेपरमिंटची गोळी द्यायचे, उजव्या हाताने केला की नुसते मान हलवून आत. महिना व्हायच्या आत तो चौकीदार सगळ्यांना डाव्या हाताने सलाम करायला लागला आणि त्याला स्वतःला पत्ता नाही. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून झापलं. सरांनी वहीत लिहिलं, चौकीदार, बावीस दिवस.

माझ्यावरही करून पाहिला. चहाच्या कोपऱ्यातला साखरेचा डबा दर सोमवारी नव्या जागी ठेवायचे आणि मी कुठे कुठे शोधते ते दाराआडून पाहायचे. दोन आठवडे मी काही बोलले नाही. तिसऱ्या सोमवारी डबा शोधला, साखर काढून घेतली आणि त्यात माशांच्या पोत्यातलं मीठ भरून तिथेच ठेवला. सरांनी चहा स्वतःच्या हाताने केला. एक घोट घेतला, उरलेला खिडकीबाहेर ओतला.

"समजलं," म्हणाले.

त्यानंतर डबा जागचा हलला नाही. सर एका घोटात शिकले. नणंदेला पंधरवडा लागला होता.

आता मूळ गोष्ट सांगते.

सरांचा आवाजावर फार कटाक्ष. शार्कला माणसासारखे कान दिसत नाहीत, पण तिच्या अंगाच्या दोन्ही कडांनी एक ओळ असते, पाणी जरा थरथरलं तरी तिला कळतं, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हणून चपला बाहेर. फोन बंद. दाराच्या कडेला जुनं घोंगडं ठोकलेलं. बोलायचं ते कुजबुजत. माझ्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या. मी म्हटलं, नवरा जिवंत नाही, म्हणून तुमचं चाललं. माझ्या टाचांना भेगा होत्या, त्या फरशीवर घासून आवाज होतो म्हणून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. नवऱ्याने कधी आणली नव्हती.

खायला कोळंबी आणि बारीक मासे वाटून, त्यात औषधाची पूड घालून गोळ्या करायच्या असत. त्यासाठी माझ्याआधी कामाला असलेल्या बाईकडे मिक्सर होता. सरांनी तो चौकीदाराला देऊन टाकला.

"मिक्सरनं त्याइले त्रास होते," म्हणाले आणि घरून खलबत्ता घेऊन आले. लोखंडी, जड, त्यांच्या आईचा, खाप्याच्या घरातला. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून रोज सकाळी अकरा वाजता कुटायची. पावअर्ध्या तासाने सर फळ्या सोडायचे. कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. खलबत्त्याचा आवाज म्हणजे आमच्या हिशेबी आवाजच नाही. सकाळ झाली की घरात तो असतोच.

मंगळवारी माझी सुट्टी. त्या दिवशी आमच्या वस्तीचा बाजार भरतो. मी नाही म्हणून माशांना उपास. आठवड्यात एक दिवस पोट रिकामं बरं असतं, असं सरांनी त्याला कारण शोधून ठेवलं होतं. पण रेघा ते मंगळवारीही पाहायचेच.

तर एका पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की नणंदेच्या रेघांना अकरा वाजताच उकळी फुटते. फळ्या अजून कपाटात. खाणं अजून बाहेर. तरी रेघा वर. त्यांनी उजेडाचा संशय घेतला, काळा पडदा लावला. रेघा वर. स्वतःच्या सावलीचा संशय घेतला, घोंगडं पांघरून कोपऱ्यात बसले. रेघा वर. आणि मंगळवारी अकरा वाजून गेले तरी सपाट. दर मंगळवारी सपाट.

सर बाहेर आले. घोंगडं तसंच अंगावर.

"बाई, तिले वार समजते."

"कोणाले?"

"नणंदेले. ती सात मोजते. मंगळवारी खायले नाही भेटत, हे तिच्या डोक्यात बसलं आहे. फळी नाही, वास नाही, काही नाही, नुसतं वेळेवरून."

मी म्हटलं, "माह्या सुनेले एकादशी नाही समजत."

सरांनी ते गावभर केलं. चौकीदाराला सांगितलं, बर्डीवरच्या ऑटोवाल्यांना सांगितलं. चौकीदार म्हणाला, "मंगळवार धरते का जी ते? गणपतीचा?"

"धरते ना गा," सर म्हणाले. "आमीच धरवतो."

सहा महिने त्यांनी रोजची एक चिठ्ठी भिंतीवर लावली. वार, वेळ, रेघा वर की सपाट. मोठा लेख लिहून तयार केला. पाठवायचा तेवढा बाकी होता.

आणि तेव्हाच कॉलेजने सांगितलं की दोन्ही खोल्या पोरांच्या व्यायामशाळेसाठी पाहिजेत. निवृत्त माणसाला इतकी वर्षं ठेवलं हेच पुष्कळ. तरी एक समिती येईल, कॉलेजचे दोन साहेब आणि समुद्राकडच्या एका संस्थेतल्या मोठ्या बाई. काम राखण्यासारखं वाटलं तर पाहू. नाहीतर खोल्या रिकाम्या करा. बर्डीवरचा एक शोभेच्या माशांचा दुकानदार तिन्ही शार्क घेऊन जायला टपलाच होता.

"आठ दिवसांत मरतीन," सर म्हणाले. "त्याचं खारं पाणी म्हणजे आपण वरणात टाकतो तेवढं मीठ."

दुसरी जागा नव्हती. कन्हानात सोडता येत नाही. मंगळवार दाखवला तर खोल्या राहतील, मासे जगतील, असं सगळं त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर येऊन ठेपलं होतं. समिती बुधवारी यायची होती.

आदल्या रविवारी मी ती भिंत झटकत होते. चौथी झालेल्या बाईला वार वाचता येतात. सोम वर, मंगळ सपाट, बुध वर, गुरू वर. असं खालपर्यंत. मध्येच एक गुरुवार सपाट, आणि त्याच्यापुढे लाल शाईत लिहिलेलं, कारण माहीत नाही.

तो गुरुवार मला माहीत होता. धम्मचक्राचा दिवस. मौद्याकडून माझी बहीण, तिच्या लेकी, सगळा गोतावळा आला होता आणि मी पहाटेपासून दीक्षाभूमीवर होते. सरांना तीन वेळा सांगून गेले होते. त्यांनी ते विसरून, मी का आले नाही म्हणून चिडून, कोळंबी ब्लेडने कापून घातली होती.

शार्कला मंगळवार समजत असेल, पण दीक्षाभूमीची सुट्टी तिला कोणी सांगितली? मंगळवार आणि तो गुरुवार यांत सारखं काय आहे, हे कळायला पाचवी लागत नाही. दोन्ही दिवशी मी नव्हते.

सोमवारी मी अकराला गेले, पण खल हातात घेतला नाही. उगाच फडकी धूत बसले. आत सर हातातलं घड्याळ कानाला लावून हलवत होते. वीस मिनिटांनी कुटायला घेतलं, तेव्हा आतून आवाज आला, "हां, आता." मग ते घड्याळ दुरुस्तीला टाकून आले.

मंगळवारी बाजार बुडवला. घरून भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट घेऊन गेले आणि अकराला बाहेरच्या खोलीत बसून कुटायला लागले. आत खुर्ची पडली. सर दारात आले.

"बाई, तुमी आज काहून आल्या?"

"चटणी कुटाले."

"घरी खल नाही का?"

"घरी शार्क नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग आत गेले. "कुटा," आतून म्हणाले. मी कुटलं. "थांबा." थांबले. "कुटा." असं चार वेळा झालं. मग ते बाहेर आले आणि पालथ्या बादलीवर बसले.

"तो गुरुवार," म्हणाले.

"दीक्षाभूमीवर होते मी. तीनदा सांगितलं होतं."

"सहा महिने झाले बाई. माश्याले सात मोजता येते म्हणून मी समद्याइले सांगत फिरलो."

"माह्या टाचांचा आवाज तुमाले आला," मी म्हटलं. "हा नाही आला."

"मायचा खल आहे तो," सर म्हणाले. मग वाकून फरशीला तळहात लावला. "घुमते फरशीतून. थेट टाकीत जाते."

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे, पण मूर्ख नाही. खोल्या गेल्या तर माझंही काम जाणार होतं. मी म्हटलं, "हे तुमाले अन् मले माहीत. मी कोणाले सांगत नाही. उद्या नेहमीसारखी कुटते, त्याइले रेघा दाखवा, भिंत दाखवा. जाऊ द्या त्याइले खुश होऊन."

सरांनी खलात बोट घालून चटणी चाटली.

"मीठ कमी आहे," म्हणाले आणि आत गेले. याचा अर्थ हो की नाही, ते मला बुधवारपर्यंत समजलं नाही.

बुधवारी समिती आली. दोघा साहेबांच्या अंगाला अत्तराचा वास, त्यांना बाहेरच उभं करून मी हात धुवायला लावले. मोठ्या बाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, चपला न सांगता बाहेर काढून आल्या. सरांनी फळ्या दाखवल्या. नणंदेने गोलाला नाक लावलं. मग भिंतीपाशी आले. साहेब चिठ्ठ्या वाचत गेले तसे खुलत गेले.

"म्हणजे शार्कला वार कळतो," एक साहेब म्हणाले. "हे पेपरात आलं पाहिजे. नागपूरच्या कॉलेजातल्या शार्कला वार कळतो."

"आलंच पाहिजे," दुसरे म्हणाले. "व्यायामशाळा काय, कुठेही करता येईल."

मी दारात उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या लाल शाईच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"वार कळत नाही," ते म्हणाले. "मंगळवारी या बाई येत नाहीत, ते कळतं. त्या बाहेर कुटतात, ते तिला फरशीतून कळतं. मी सहा महिने चुकलो."

साहेबांचे चेहरे पोळी करपल्यासारखे झाले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला केव्हा समजलं?"

"काल. मला नाही समजलं, यांना समजलं."

"मग ती चूक दाखवा मला."

मी बाहेर बसले आणि कुटलं. आत पडद्यावर रेघांना उकळी. मोठ्या बाई धावत बाहेर आल्या, साडी खोचली आणि माझ्या समोर फतकल मारून बसल्या. "द्या," म्हणाल्या. हात बरा होता त्यांचा, कुटायची सवय असावी. दणादण कुटलं. आतून सर म्हणाले, "सपाट."

"काय?"

"सपाट आहे. परत कुटा."

परत कुटलं. सपाट. एका साहेबांना बसवलं. त्यांनी दोन ठोके दिले आणि तिसरा स्वतःच्या बोटावर. सपाट. फाटकावरून चौकीदाराला बोलावलं. सपाट. मग मी. रेघा वर.

सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मोठ्या बाईंनी विचारलं, "हिचंच कुटणं कसं ओळखते ती? जोरावरून? लयीवरून?"

"माहीत नाही," सर म्हणाले. माहीत नाही हे इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मंगळवार गेला होता, खोल्या जाणार होत्या, आणि हा माणूस लग्नातल्या नवरदेवासारखा उभा.

खोल्या गेल्याच. साहेबांनी लिहून दिलं की सहा महिने वाया घालवले असं सरांनी स्वतः कबूल केलेलं आहे. मे संपायच्या आत रिकामं करा. पण मोठ्या बाईंचंही पत्र आलं. सरांनी मला वाचून दाखवलं. मासे त्यांच्याकडे आणा, समुद्राकाठी टाक्या आहेत, समुद्राचंच पाणी आहे. फक्त एक अडचण. शार्क एकाच हाताचं कुटणं ओळखत असेल आणि तो हात सोबत येणार नसेल, तर इथे येऊन काम पुढे कसं चालणार? नुसते मासे सांभाळायला त्यांच्याकडेही जागा नव्हती. दुसरा हात शिकवता येतो का ते आधी पाहा आणि कळवा.

"तुमीच चला ना बाई," सर म्हणाले. "तिथं समुद्र आहे."

"असंन. त्याचं माह्याशी काय काम?"

"पाहाल तरी."

"इथं माह्यं घर आहे. नातवाले शाळेत सोडणं आहे. अन् म्हातारपणी मी परक्या गावी माश्याइच्या मागं नाही जात."

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या शेजारी बसले. मी कुटायची, ते लिहायचे. दोन ठोके जड, एक हलका, मग बत्ता कडेने फिरवून ओढायचा, मग एक जड. मला हे माहीतच नव्हतं. मी तिखट कुटत आले तसं कुटत होते. सरांनी सगळं मोजून लिहिलं, आणि मग स्वतः वहीत पाहून कुटलं. आत सपाट.

"लिहून काय येते?" मी म्हटलं. "वही ठेवा. अन् असे उकिडवे नका बसू, मांडी घाला."

"गुडघा वाकत नाही."

"मंग पाय पसरा. खल दोन पायात धरा. बत्ता उचलून आपटू नका, सोडा. तो आपला आपण पडते."

सोडला. खल लवंडला, कोळंबी सगळ्या फरशीवर.

"तुमी कुटून राहिले का कपडे धुऊन राहिले?" मी विचारलं.

तीन आठवडे हे चाललं. सर रोज कुटायचे, मी शिव्या घालायची, आणि रोज सपाट. त्यांच्या तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. बर्डीवरचा तो दुकानदार एकदा येऊन टाक्यांची मापं घेऊन गेला. मी त्याला हात धुवायला लावले नाहीत, सरळ बाहेर काढलं. कॉलेजच्या माणसांनी व्हरांड्यात व्यायामाची लोखंडी यंत्रं आणून ठेवली होती, त्यांच्यामधून आम्ही वाट काढायचो. सरांनी त्या दिवसांत कोणावर प्रयोग केला नाही. चौकीदार तर मला विचारायला लागला, सर बिमार आहेत का.

त्यांच्या कुटण्यात फरक पडत होता. तो मला ऐकू येत होता, पण मी सांगितलं नाही. शिकणाऱ्याला मध्येच शाबासकी दिली की हात ढिला पडतो.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सर म्हणाले, "बाई, तुमी आज बाहेर जा."

"काहून?"

"तुमी इथं असल्या की तुमच्या चालण्यानं, श्वासानं, कशानंबी ती समजून घेईन. मंग मी परत फसन. फाटकाबाहेर जा. पार रस्त्यावर."

मी पदर डोक्यावर घेऊन निघाले. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली चौकीदाराने मला त्याचं स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. तिथून कुटण्याचा आवाज येणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघं त्या इमारतीकडे तोंड करून थांबलो होतो, दवाखान्याबाहेर थांबतात तसं. चौकीदार म्हणाला, "काय होईन वं?"

"काय मालूम," मी म्हटलं.

अर्धा तास झाला असेल. सायकल स्टँडच्या कोपऱ्यावरून सर येताना दिसले. गळ्यात मफलर, हातात बत्ता, पायात काही नाही. ते चालत होते की पळत होते ते सांगता येत नाही, एक पाय टेकला की लगेच दुसरा उचलत होते. फाटकाबाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात, माझ्यापासून चार हातांवर थांबले.

"गेल्या का रेघा वर?" मी विचारलं.

"तीनदा," सर म्हणाले. "तिन्ही वेळा. पण बाई, ती माह्यं कुटणं शिकली, का मी तुमचं शिकलो, हे आता कसं ठरवाचं?"

"ते तिकडं समुद्रावर जाऊन ठरवा," मी म्हटलं. "आधी सावलीत या. पाय पोळून राहिले तुमचे."